तेहतीस थेंब

नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या भागवतरावांनी स्वतःच्या मनाने घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातला एकही त्यांना पुढे चारचौघांत सांगता आलेला नाही. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी मोबाइलवरून सुगंधी तेलांच्या सहा बाटल्या मागवल्या, तो त्यातला शेवटचा. (सिंधुताईंनी नंतर त्या मोबाइलचा पासवर्डच बदलून टाकला, त्यामुळे तो कायमचा शेवटचा ठरेल असं दिसतं.)

कारण तसं साधं होतं. डॉक्टरांनी त्यांचं बीपी मोजलं, दंडाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधून पुन्हा मोजलं आणि विचारलं, "घरी काही टेन्शन?"

"घरचं न्हाई," भागवतराव म्हणाले. "धोंड्याचं हाय."

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि आपल्याकडे तो धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला तेल लावून न्हाऊ घालायचं, नवे कपडे चढवायचे आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. या महिन्यात जे द्यायचं ते तेहतीसच्या मोजणीने द्यायचं. अनारसे तेहतीस, बत्तासे तेहतीस. ऋतुजाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा होता. पहिल्या धोंड्याला जावयाचा मान राहिला तर लेकीला सासरी सुख लागतं, असं सिंधुताईंच्या माहेरी मानतात. नाही राहिला तर काय होतं ते त्या माहेरी कोणी सांगत नाही, नुसते सुस्कारे टाकतात.

त्यातून भागवतरावांच्या नावावर आधीचा एक गुन्हा होता. लग्नात विहीणबाईंच्या मानाची पैठणी त्यांच्या हातून भलत्याच बाईच्या हातात गेली, आणि सरजाबाईंच्या वाट्याला आली एक फिक्कट पोपटी साडी, जी पंगतीत वाढणाऱ्या बायांसाठी घेतलेली होती. सरजाबाई मुरुडच्या. नवऱ्याच्या माघारी त्यांनी लाकडी घाणा चालवला, त्याच तेलावर लेकराला वाढवलं आणि घाण्याचं नाव पंचक्रोशीत टिकवलं. बाई मोजकं बोलणारी. साडीबद्दल त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त त्यानंतर त्या जितक्या वेळा नांदेडला आल्या, तितक्या वेळा तीच पोपटी साडी नेसून आल्या. भागवतराव दार उघडायचे, साडी बघायचे आणि पाणी आणायला आत पळायचे.

आता या धोंड्यात ती जुनी चूक धुऊन काढायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेव्हापासून झोप उडाली होती.

शेजारच्या टेबलावरच्या आनंदराजांनी उपाय सुचवला. "आमची मनिषा परीक्षेच्या टायमाला कसल्या तेलाचा वास घेत व्हती बगा. लेकराला लई फरक पडला." भागवतरावांनी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मोबाइलवर शोधाशोध केली. एक बाई डोळे मिटून सांगत होती, श्वास घ्या, श्वास सोडा, ताण सोडा. ती इतकं हळू बोलत होती, की असं कुणी आपल्याशी बोललेलं भागवतरावांना आठवेना. त्यांनी श्वास घेतला, सोडला आणि सोडता सोडता ऑर्डर देऊन टाकली.

चौथ्या दिवशी खोकं आलं. त्यात अंगठ्याएवढ्या सहा बाटल्या होत्या आणि एक पांढरं, तांब्याच्या घाटाचं यंत्र. यंत्रात पाणी भरून तेलाचे चार थेंब टाकले, की वरून गार वाफ निघायची आणि बुडाशी निळा, हिरवा, जांभळा असा दिवा आळीपाळीने लागायचा.

"काय हाय हे?" सिंधुताईंनी विचारलं.

"डिफ्यूजर. ह्यानं मन शांत होतं."

"कुणाचं?"

"घरात ऱ्हाणाऱ्या समद्यांचं."

"माझं शांतच हाय. टेन्शन तुम्ही घेऊन येता हापिसातून." त्यांनी लेमनग्रासची बाटली उघडून हुंगली. "ह्यो तर गवती चहा हाय. मागं कुंडीत इतका माजलाय की वाट सुधरंना. आन् हे काय?"

"लव्हेंडर."

सिंधुताईंनी दुरूनच वास घेतला. "बसस्टँडावर मुतारीत टाकतेत ते हेच," म्हणाल्या आणि पुरणाची डाळ निवडायला गेल्या.

भागवतरावांनी मात्र खोक्यातला सूचनांचा कागद ओळ न् ओळ वाचला. (वाचून झाल्यावर सवयीने वरच्या कोपऱ्यात तारीख टाकून सही केली.) त्यात एक ओळ त्यांना फार आवडली. पेपरमिंटचं तेल थकल्या अंगाला आणि ताणलेल्या मनाला ताजेपणा देतं, साध्या तेलात मिसळून अंगाला चोळावं, एका चमच्याला दोन थेंब, जास्त नको. त्यांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. 'जास्त नको' खालीही मारली, हे नमूद केलं पाहिजे, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की त्यांना माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी लेक-जावई आले. जावयाचं नाव सिद्धेश्वर. उंच, सडपातळ, आईसारखाच अबोल. येताना त्याने करडईच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन आणला होता. "आईनं धाडलंय," तो म्हणाला. "कालच ताजा घाणा काढला. उद्या अंगाला लावायलाबी हेच घ्या म्हणली." एवढं बोलून तो सोफ्याच्या अगदी कडेला टेकला आणि चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरून बसला.

भागवतरावांनी जावयाकडे निरखून पाहिलं. कपाळावर दोन आठ्या होत्या. ऋतुजा काही बोलली की तो हसायचा, पण आठ्या जागच्या जागी. भागवतरावांनी हल्ली ताणाचा बराच अभ्यास केलेला असल्याने त्यांनी लगेच निदान केलं. जावयाला टेन्शन आहे. आणि टेन्शन असलेल्या माणसाला धोंडे काय गोड लागणार?

रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्यांनी यंत्र सुरू केलं. मान मोठा म्हणून चारऐवजी दहा थेंब, तेही दोन-दोन बाटल्यांतले. आठ वाजेपर्यंत घर असं काही दरवळलं, की त्यानंतर त्या घरातल्या कुणाच्याही नाकाला कशाचाच वास येईना. सिंधुताईंनी पुरणात जायफळ टाकलं की नाही हे चव घेऊन ठरवलं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर सिंधुताईंनी पितळी वाटीत करडईचं तेल कोमट करून ठेवलं आणि त्या पुरण वाटायला पाठमोऱ्या बसल्या. भागवतराव खिशात पेपरमिंटची बाटली घेऊन ओट्याशी आले. एका चमच्याला दोन थेंब. वाटीत फार तर आठ चमचे तेल असेल, म्हणजे सोळा थेंब.

पण इथे त्यांचा हात थांबला. जावई, पहिला धोंडा, अधिक महिना, आणि थेंब सोळा? आपल्याकडे जावयाच्या ताटात तूप वाढताना त्याने दोनदा 'बास' म्हटल्यावर सासूचा हात जरा सैल होतो. मोजूनमापून वाढणं ही परक्याची रीत. आणि मोजायचंच असेल तर अधिकातला आकडा ठरलेला आहे. कागद छापणाऱ्याला धोंडा काय माहीत? अठ्ठावीस वर्षं प्रत्येक कागदाबरहुकूम वागलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदाच कागदाच्या वर रीत धरली. त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला आणि तेहतीस थेंब मोजायला सुरुवात केली.

एकोणिसाव्या थेंबाला सिंधुताईंनी मागून विचारलं, "आवं, नवा टॉवेल कुठं ठिवला?"

"दोरीवर," भागवतराव म्हणाले आणि आकडा विसरले. अठरा झाले की एकोणीस? आवक-जावकचा माणूस, आकडा चुकला की पान रद्द. त्यांनी पुन्हा एकपासून सुरू केलं आणि या खेपेला न चुकता तेहतीस पुरे केले. आधीचे थेंब वाटीतच होते हे त्यांना दिसत होतं, पण ते मोजणीत धरलेले नव्हते.

जावयाला तेल लावायचा मान मेहुण्याचा. भागवतरावांना मुलगा नाही, म्हणून त्यांनीच बाह्या सारल्या.

"मामा, ऱ्हाऊ द्या. मी लावतो की," सिद्धेश्वर अंग चोरून म्हणाला.

"न्हाई, न्हाई. तुमचा मान हाय." भागवतरावांनी त्याला पाटावर बसवलं आणि खांदे, पाठ, हात, पाय, काही न सोडता चोळलं. टाळूवरही ओंजळभर थापलं.

"मामा, गार वाटून राहिलं," थोड्या वेळाने सिद्धेश्वर म्हणाला.

"वाटणारच."

जावयाने डोळे मिटले. कपाळावरच्या दोन्ही आठ्या हळूहळू पुसल्या गेल्या. भागवतरावांचा ऊर भरून आला. साडी, पैठणी, सगळं मागे पडल्यासारखं त्यांना वाटलं. आपल्या हाताला गुण आहे, असं त्यांच्या मनात आलं. (हा विचार पुढे त्यांना बरेच दिवस आठवत राहिला.)

सिद्धेश्वर न्हाणीघरात गेला. कढत पाण्याचे दोन तांबे अंगावर पडल्याचा आवाज आला. तिसरा तांब्या खाली पडल्याचा आला. मग काही वेळ नुसती शांतता, आणि मग पौषात नदीवरून न्हाऊन आलेला माणूस करतो तसा हुहुहु आवाज.

जावई बाहेर आला तो टॉवेल गळ्यापर्यंत ओढून. ओठ थरथरत होते. "मामी," तो म्हणाला, "त्यो कूलर बंद करा."

बाहेर ऊन त्रेचाळीसवर गेलं होतं. कूलर बंद झाला. मग पंखा बंद झाला. मग खिडकीतून झुळूक येते म्हणून खिडकी बंद झाली. ऋतुजाने माळ्यावरून गोधड्या काढल्या. नव्या कोऱ्या शर्टावर दोन गोधड्या पांघरून जावई पाटावर बसला, आणि दात असे वाजायला लागले की सिंधुताईंना औक्षणाचं गाणं मध्येच थांबवावं लागलं. निरांजन तोंडासमोर आलं तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे करून त्यावर शेकून घेतले.

बाकीची माणसं घामाने निथळत होती. सिंधुताईंचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. तापमापी लावून झाली. ताप नव्हता.

"ताप न्हाई, मंग थंडी कामून?" सिंधुताई म्हणाल्या. "आता सरजाबाईला काय तोंड दाखवावं? पयल्या धोंड्याला बोलावलं आन् पोराला आजारी पाडलं म्हणतील."

भागवतराव कोपऱ्यात स्वतःचे दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसले होते. तळहात बर्फाच्या लादीसारखे झाले होते. त्यांना सगळं कळलं होतं. दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. जावई हसला असता, सिंधुताई महिनाभर बोलल्या असत्या, संपलं. पण तेवढ्यात ऋतुजा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं.

"पप्पा, तुम्ही तर काही केलं न्हाई ना?"

आपल्याच लेकीला सगळ्यात आधी आपला संशय यावा, हे त्यांना फार लागलं. संशय खरा होता म्हणून जास्तच लागलं. "मी?" ते म्हणाले. "मी काय करणार?" आणि सुटकेसाठी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं तर समोर तो पाच लिटरचा कॅन. "तेल बघा की आधी. घाण्यावर कशात काय पडतं, नेम हाय का?"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. सिद्धेश्वरचे दातसुद्धा क्षणभर वाजायचे थांबले.

"घाणा आमचाच हाय, मामा," तो हळूच म्हणाला.

मग त्याने गोधडीतून हात बाहेर काढून आईला फोन लावला. "आई, परवाच्या करडईत दुसरं काय पडलं का? ...न्हाई, थंडी वाजून राहिली अंगाला लावल्यावर. ...हाव, समद्या अंगाला." पलीकडून सरजाबाई फार थोडं बोलल्या. सिद्धेश्वरने फोन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण कुणाकडेही न बघता सांगितलं. "आईनं घाणा बंद केला. त्याच घाण्याचं तेल सतरा घरला गेलंय. समद्यांला फोन करून सांगती, वापरू नका म्हणून. आन् ती इकडं यायला निघून राहिली."

धोंडे वाढले गेले. जावयाने गोधडीतूनच दोन खाल्ले. आग्रह करायचा जीव कोणातच नव्हता.

दुपारभर भागवतराव मागच्या मोरीवर हात धूत होते. साबणाने धुतले, बेसन लावून धुतले, लिंबू चोळून धुतले. आयुष्यात त्यांना लाज पुष्कळदा वाटली होती, पण ती वेंधळेपणाची लाज होती. हसून घेतलं की फिटायची. ही वेगळी होती. नवऱ्यामागे एकटीने उभ्या केलेल्या घाण्याच्या नावावर त्यांनी स्वतःचं कातडं वाचवायला चिखल उडवला होता, आणि ती बाई या क्षणी मुरुडात घरोघर फोन करून आपल्याच तेलाची बदनामी करत होती. साबणाने जाणारी ही गोष्ट नव्हती.

एकदा ते धीर करून स्वयंपाकघरात गेले. "सिंधु, ऐकती का?"

"आता काय?" सिंधुताईंनी वळून पाहिलं. त्या रडून आल्या होत्या.

"पाणी दे," भागवतराव म्हणाले.

तीन वाजेपर्यंत जावयाची थंडी पार उतरली. गोधड्या घडी होऊन माळ्यावर गेल्या, पंखा लागला, आणि तो गाढ झोपला. आता सगळं ठीक होतं. भागवतराव काय बोलले होते, तेवढंच राहिलं होतं.

साडेपाचला दारात रिक्षा थांबली. भागवतरावांनी दार उघडलं आणि सवयीने नजर आधी साडीकडे गेली. पोपटी साडी नव्हती. सरजाबाई घाण्यावरच्याच लुगड्यात आल्या होत्या. पदराला तेलाचे डाग, केसांत पेंडीचा भुसा, हातात तेलाचा दुसरा कॅन. ऐकलं तशी बाई उठून एसटीत बसली होती. त्या पोपटी साडीला जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते या डागांनी एका क्षणात केलं. भागवतरावांना तिथेच उंबऱ्यावर बसावंसं वाटलं. या खेपेला पाणी आणायलाही ते पळू शकले नाहीत.

सरजाबाईंनी आधी लेकाच्या कपाळाला हात लावला. मग विचारलं, "वाटी कुठंय?"

सिंधुताईंनी तळाशी तेल उरलेली पितळी वाटी आणून दिली. सरजाबाईंनी ती नाकाशी धरली. करंगळी बुडवली, अंगठ्यावर चोळली, जिभेच्या टोकाला लावली. टेबलावर यंत्राचा दिवा निळ्याचा जांभळा झाला, तिकडे एक नजर टाकली. वाटी खाली ठेवली. मग भागवतरावांसमोर येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले.

"इवाई, माझ्या घाण्यानं तुमचा सण नासवला. माफी असावी."

मुलाच्या आईने मुलीच्या बापापुढे हात जोडावेत, असं त्या गल्लीत आजवर झालं नसेल. सरजाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, त्या पायाशी वाकायला लागल्या.

भागवतराव मागे उडाले ते टेबलावर आदळले. यंत्र कलंडलं, पाणी सांडलं, दिवा हिरवा होऊन विझला. "वाकू नका, विहीणबाई, वाकू नका," ते म्हणाले. "तुमचं तेल सोन्यावानी हाय. म्याच टाकलं त्याच्यात. पेपरमिंट. तेहतीस थेंब."

"तेहतीस?" ऋतुजा म्हणाली.

"अधिक महिना हाय म्हणून."

सिंधुताई मटकन खाली बसल्या.

"आन् आधीचे अठरा-एकोणीस येगळे," भागवतरावांनी सांगून टाकलं. खोटं बोलायची ताकदच आता राहिली नव्हती. "मोजताना चुकलो, म्हणून परत पयल्यापासून घेतले. आन् सकाळी लाज वाटली म्हणून तुमच्या घाण्यावर ढकललं. आता त्याच्या दहापट वाटून राहिली. मला काय बोलायचं ते बोला."

त्यांचा आवाज चिरकला. डोळे पुसायला त्यांनी तळहात डोळ्यांना लावले, आणि तळहातांवर अजून काय आहे ते त्यांना तेव्हा आठवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पश्चात्ताप किती आणि पेपरमिंट किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

सरजाबाई सरळ उभ्या राहिल्या. पदर खोचला. "म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"म्हाईत हाय?"

"वाटी नाकाला लावली तवाच कळलं. तीस वर्सं तेलात गेली माझी."

"मंग हात कामून जोडले?" सिंधुताईंनी विचारलं.

"बघून राहिले होते, इवाई किती येळ लावतेत." सरजाबाईंनी भागवतरावांकडे पाहिलं. "लई येळ लावला."

भागवतरावांनी मान खाली घातली. डोळ्यांची आग होत होती. ते जावयाकडे वळून म्हणाले, "तुमच्या कपाळाला आठ्या दिसल्या, म्हणून म्हणलं टेन्शन हाय. बरं वाटावं म्हणून केलं, देवाशपथ."

सिद्धेश्वरने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ऋतुजाने एक सुस्कारा टाकला.

"पप्पा, त्येंना टेन्शन तुमचंच व्हतं. मुरुडहून निघाल्यापासून इचारून राहिले, ह्या टायमाला मामा काय करतेन."

आतापर्यंत ज्याचा आवाज कोणी मोठ्याने ऐकला नव्हता, तो सिद्धेश्वर तोंडावर टॉवेल दाबून हसायला लागला. सिंधुताईंनाही राहवेना. सरजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक तेलकट वही काढून भागवतरावांपुढे ठेवली.

"सतरा घरला मी सांगितलं, तेलात खोट हाय, वापरू नका. आता न्हाई म्हणून कुणी सांगावं?"

भागवतरावांनी गुळण्या केल्या, डोळ्यांवर पाणी मारलं, चष्मा लावला आणि फोन घेऊन बसले. डोळ्यांना अजून नंबर नीट दिसेना, म्हणून जावई नंबर लावून देत होता, आणि ऐकायला सोपं जावं म्हणून त्याने स्पीकर सुरू ठेवला होता. (हे कुणाच्या सोयीसाठी, ते त्याने सांगितलं नाही.)

"मी सरजाबाईंचा व्याही बोलतोय, नांदेडहून. तेलात खोट न्हाई. खोट माझ्यात हाय." हे वाक्य त्यांनी सतरा वेळा म्हटलं. प्रत्येक फोननंतर वहीतल्या नावापुढे ते बारीकशी खूण करत. पहिल्या दोन-तीन वेळा शब्द मागेपुढे झाले. पाचव्या-सहाव्याला नीट जमलं. दहाव्याच्या पुढे लोकच सविस्तर विचारायला लागले, कोणतं तेल, किती थेंब, जावई कसा आहे, गोधड्या किती लागल्या. भागवतरावांनी सगळ्यांना सगळं सांगितलं.

शेवटचा फोन दगडोबांचा होता. घाण्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. म्हातारं ऐकायला जरा कमी.

"कोण बोलतंय?"

"सरजाबाईंचा व्याही. नांदेडहून."

"कोण? साडीवाला?"

खोलीत सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना माना वळवल्या. सिंधुताईंना छताला जाळी लागल्यासारखं वाटलं. ज्या साडीबद्दल त्या घरात दोन वर्षं कुणी चकार शब्द काढला नव्हता, ती मुरुडच्या पारावर केव्हाच पोचली होती.

"हाव," भागवतराव म्हणाले. "त्योच."

"मंग आधी सांगायचं की गड्या," म्हातारा मोकळेपणाने म्हणाला. "साडीवाला मधी हाय म्हणल्यावर घाण्याची खोट असंल कशी? मी तर तळण सकाळपासून थांबवून बसलो."

भागवतरावांनी सतरावी खूण केली आणि वही मिटली. सरजाबाईंच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण तेव्हा कुठे सुटला. घाणा वाचला होता. त्यासाठी व्याह्याची उरलीसुरली अब्रू खर्ची पडली होती, पण ती तशीही फारशी शिल्लक नव्हती.

रात्री सगळ्यांनी पुन्हा पंगत मांडून धोंडे खाल्ले. सकाळी निघताना सरजाबाई उंबऱ्यात थांबल्या. भागवतराव रिक्षात रिकामा केलेला कॅन ठेवायला पुढे झाले, तर सिद्धेश्वरने तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पुढल्या धोंड्याला धाडीन दोघांला," सरजाबाई म्हणाल्या. "साडी मी माझी घेऊन येईन. ह्यो अंघोळ करूनच येईल. तुम्ही निस्तं बसून ऱ्हायचं, इवाई."

"हाव," भागवतराव म्हणाले.

आठ दिवसांनी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बीपी मोजलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधून पुन्हा मोजलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "एकदम नॉर्मल आहे हो. टेन्शन गेलं?"

"गेलं."

"काय केलंत नेमकं?"

भागवतरावांनी थोडा विचार केला. "घरचे, पाव्हणे, आन् मुरुडची सतरा घरं," ते म्हणाले, "समद्यांपुढं इज्जत गेली, डॉक्टरसाहेब. आता संबाळायला काही उरलंच न्हाई."

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"छान," ते म्हणाले. "हेच चालू ठेवा."